भिडे मास्तरांचं घर कसं चालतं?

मैत्रिणींनो, ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ आपल्यापैकी कुणी पाहिली नाही, असं घर शोधूनही सापडायचं नाही. २८ जुलै २००८ रोजी सब टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेने चार हजार भागांचा टप्पा कधीच ओलांडला. मूळ लेखन गुजराती, ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात तारक मेहता यांनी १९७१ पासून चालवलेल्या सदरातलं. पण आपल्या मराठी घरांत सगळ्यांत जवळचे वाटतात ते भिडे मास्तर आणि माधवी. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनी ही जोडी अशी उभी केली आहे, की हे दोघं आपल्याच आळीत राहतात असं वाटावं.

गोकुळधाममध्ये जेठालालचं मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, अय्यर शास्त्रज्ञ आहेत, हाथी डॉक्टर आहेत, पोपटलाल पत्रकार आहेत. आणि आत्माराम तुकाराम भिडे? घरी शिकवण्या घेणारे मास्तर. सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत, पण ते पद मानाचं, त्यातून घरात धान्य येत नाही. उलट मेंटेनन्सच्या चेकसाठी जेठालालच्या दाराशी खेपा मारण्यात चपला झिजतात त्या वेगळ्याच! मग मुंबईत, गोरेगाव पूर्वेला, फिल्मसिटी रोडवर, हॉल-किचन-बेडरूमच्या प्रशस्त घरात, मुलीचं शिक्षण करत, सगळे सणवार थाटात साजरे करत हे कुटुंब राहतं तरी कसं?

प्रश्न गमतीचा आहे, पण महिन्याच्या दहा तारखेलाच पाकीट हलकं झालेल्या कुठल्याही बाईला तो पडतोच. मलाही पडला. म्हणून एका दुपारी वही-पेन घेतलं, मुंबईतल्या नणंदेला फोन करून तिकडचे भाव विचारले आणि भिड्यांच्या घरचं अंदाजपत्रक मांडायला बसले. यातले घरखर्चाचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, मालिकेत ते कुणी सांगितलेले नाहीत. तुम्ही तुमच्या अंदाजाने त्यात कमी-जास्त करा.

आधी घराचं बघू

गोरेगावात असं घर भाड्याने घ्यायचं तर नणंद म्हणते, आज महिना पन्नास हजारांच्या खाली गोष्टच नको. भाडं द्यावं लागलं असतं तर मास्तरांचा संसार पहिल्याच महिन्यात गुंडाळला असता. पण भिडे सेक्रेटरी आहेत. म्हणजे सोसायटीचे सभासद आहेत, आणि सभासद म्हणजे घर स्वतःचं. कर्जाच्या हप्त्याचीही काळजी त्यांच्या बोलण्यात दिसत नाही, तेव्हा घर फिटलेलं आहे असं धरू.

अशाच शंका परदेशातही निघतात बरं का. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत गाजलेल्या ‘फ्रेंड्स’ मालिकेत न्यूयॉर्कच्या महागड्या भागात मोनिकाचं ऐसपैस घर होतं. मोनिका हॉटेलात स्वयंपाक करणारी, मैत्रीण रेचल सुरुवातीला कॉफीच्या दुकानात काम करणारी. यांना हे परवडतं कसं, असं प्रेक्षक विचारत. मालिकेतलं उत्तर असं, की ते घर मोनिकाच्या आजीच्या नावावर जुन्या, कायद्याने बांधलेल्या भाड्यात होतं. म्हणजे न्यूयॉर्क असो की गोरेगाव, डोक्यावरचं छप्पर आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेलं असेल, तरच पुढचा हिशेब जमतो. पगारापेक्षा आधी घर बघावं, असं आपल्या आज्या सोयरीक ठरवताना सांगत, ते उगाच नाही.

आता खर्चाची यादी

माणसं तीन. मास्तर, माधवी आणि सोनू. स्वभाव काटकसरीचा. महिन्याचा खर्च असा धरला:

किराणा, धान्य, तेल – ६,५०० रुपये
दूध, रोज दीड लिटर – ३,१५०
भाजी, फळं – ४,५००
गॅस – ९००
वीज – २,५००
सोसायटीचा मेंटेनन्स – ५,०००
तिघांचे फोन, इंटरनेट, टीव्ही – १,८००
‘सखाराम’ स्कूटरचं पेट्रोल आणि दुरुस्ती – १,५००
सोनूची कॉलेजची फी, पुस्तकं, पास – ७,०००
डॉक्टर, औषधं – २,०००
आरोग्य विमा – २,०००
आयुर्विमा – २,५००
कपडे, सणवार – ३,५००
गावी जाणं, लग्नकार्यं, आहेर – २,५००
घरातली मोडतोड, मिक्सर-पंख्याची दुरुस्ती – १,५००
पेपर, किरकोळ, अब्दुलच्या दुकानातला सोडा – १,५००

बेरीज झाली ४८,३५० रुपये. वर्षाचे ५,८०,२००.

यात हॉटेल नाही, सिनेमा नाही, सोनं नाही. अचानक आलेलं मोठं आजारपण नाही. सोनूच्या लग्नासाठी बाजूला टाकलेला एक रुपयाही नाही.

सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला होता. तिघांचे झाले २१ हजारांच्या आतबाहेर. भिड्यांचा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त दिसतो. पण त्या सरासरीत आपल्यासारखी छोटी शहरंही येतात आणि झोपडीत राहणारी कुटुंबंही येतात. शिवाय त्याच पाहणीत शहरातल्या कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळ होता. भिड्यांचा माझ्या यादीत तीस टक्केसुद्धा नाही. म्हणजे मुंबईत मध्यमवर्गाची चैन पोटासाठी नसते. मेंटेनन्स, फी, विमा, वीज असे जे पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातात आणि ज्यात हात आखडता घेता येत नाही, तेच घर खातात.

मास्तरांची कमाई

आता जमेची बाजू. घरच्या हॉलमध्ये शिकवण्या. समजा पंचवीस मुलं, प्रत्येकी दीड हजार फी. महिन्याला झाले ३७,५००. वाटलं, बरं आहे की! पण शिकवण्या घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, वर्ष दहा महिन्यांचं असतं. परीक्षा संपल्या की एप्रिल-मे कोरडे. म्हणजे वर्षाचे ३,७५,०००. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ३१,२५०. यातही सगळ्यांची फी वेळेवर येते असं आपण धरलंय. शिवाय मास्तरांना भविष्य निर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, आजारी पडले तर भरपगारी रजा नाही.

खर्च ४८,३५०, जमा ३१,२५०. तूट १७,१०० रुपये. दर महिन्याला.

मग ही तूट भरतं कोण?

लोणची-पापडाचा धंदा

बरोबर ओळखलंत. माधवी! तिचा लोणची-पापडाचा व्यवसाय मालिकेत अगदी सुरुवातीपासून आहे. फोनवर ऑर्डरी येतात, डबे जातात. पण त्याकडे आपण बघतो कसे? घरबसल्या काहीतरी करते बिचारी, संसाराला हातभार लावते, एवढंच. चला, त्या ‘हातभारा’चंच वजन करू.

उडदाचे पापड किलोला चारशे रुपयांना गेले, आणि डाळीचं पीठ, पापडखार, मिरी, हिंग, तेल, पिशवी यांचा खर्च दोनशेवीस धरला, तर सुटले १८०. लोणच्यातही साधारण तेवढेच धरू. १७,१०० भरून काढायचे तर महिन्याला ५० किलो पापड आणि ४५ किलो लोणचं विकायला हवं. पापडाचे ९,०००, लोणच्याचे ८,१००. बरोबर बेरीज जुळते.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता जरा पोळपाटाजवळ येऊन बसा.

महिन्याला ५० किलो म्हणजे वर्षाला ६०० किलो. किलोत साधारण ७५ पापड बसतात. वर्षाचे झाले ४५ हजार पापड! त्यात मुंबईचा पाऊस. चार महिने वाळवण नाही. म्हणजे उरलेल्या आठ महिन्यांतच सगळा माल तयार करून, डबे हवाबंद करून ठेवायचा. महिन्यातले पंचवीस दिवस काम धरलं तर रोजचे २२५ पापड. एका पापडाला एक मिनिट म्हटलं तरी पावणेचार तास नुसतं लाटणं. पीठ तिंबणं, लाट्या करणं, वाळत घालणं, दमट झालेले परत उन्हात नेणं, मोजणं, भरणं वेगळंच.

लोणच्याची तऱ्हा आणखी वेगळी. वर्षाला ५४० किलो. त्यातलं निम्मं कैरीचं धरलं तर २७० किलोंचा माल एका हंगामात, दीड-दोन महिन्यांत घालून ठेवावा लागतो. कैऱ्या, तेल, मोहरी, मसाला, बरण्या यांचे साठेक हजार रुपये एकदम बाहेर पडतात. आणि तो हंगाम कधीचा? एप्रिल-मेचा! म्हणजे मास्तरांच्या शिकवण्या जेव्हा बंद, फीचा एक रुपया घरात येत नाही, नेमकी तेव्हाच माधवीला भांडवल घालायचं असतं. पाठोपाठ जूनमध्ये सोनूची फी. ही तीन महिन्यांची कसरत जी बाई दरवर्षी पार पाडते, तिला ‘घरबसल्या काहीतरी करते’ म्हणायचं?

वर्षाचे तासही मांडून बघितले. लाटण्याचे ७५०. पीठ, वाळवण, भरणं याचे त्याच्या निम्मे, ३७५. लोणच्याला किलोमागे एक तास धरला तर ५४०. ऑर्डरी घेणं, माल पोचवणं आणि ‘पुढच्या महिन्यात देते हं’ म्हणणाऱ्या शेजारणींकडून पैसे मागणं, यांचे रोजचा एक तासही न धरता ३३५. एकूण दोन हजार तास. मिळकत २,०५,२००. तासाला जेमतेम शंभर रुपये पडले. आणि घरखर्चात तिचा वाटा? पस्तीस टक्के! शंभरातले पस्तीस रुपये पोळपाटावरून येतात.

हे सगळं घरकाम आटोपून, हे विसरू नका. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. म्हणजे पोळपाट पापडासाठी मांडण्याआधी पोळ्यांसाठी मांडून झालेला असतो.

‘काही नाही, घरीच असते’

मी हा हिशेब आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. आधी हशा झाला. सखारामच्या पेट्रोलवर वाद झाला, दीड लिटर दुधावर तर फारच झाला. तीन माणसांना एवढं दूध कशाला, म्हणे! पण पापडांचा आकडा आला आणि बायका गप्प झाल्या. गटात शेवया करणाऱ्या आहेत, ब्लाउज शिवणाऱ्या आहेत, डबे देणाऱ्या आहेत. ‘तुमची महिन्याची कमाई किती?’ असं विचारलं तर चौदापैकी दोघींनाच नेमका आकडा सांगता आला. बाकीच्या म्हणाल्या, ‘येतात तसे जातात हो, भाजीपाल्याला होतात.’ त्यातल्या एकीने शिलाईच्या पैशांवर मुलाला डिप्लोमा केलाय. तरी घरी कुणी आलं आणि ‘तुम्ही काय करता?’ म्हणून विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, घरीच असते.’

या ‘काही नाही’ची किंमत मोठी आहे. जनगणनेत विक्रीसाठी घरात माल तयार करणाऱ्यांची ‘घरगुती उद्योग’ अशी वेगळी गणना होत आली आहे. पापड करून विकणारी बाई त्यात बसते. पण दारात आलेल्या माणसाला तीच ‘काही करत नाही’ म्हणाली, तर ती काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाऊन पडते. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने बिनकामाच्या गटात टाकलं होतं, यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. अपघातात गेलेल्या गृहिणीची भरपाई ठरवताना तिच्या कामाचं मोल धरावं लागतं. २००१ मधल्या एका निकालात न्यायालयाने ते महिना तीन हजार रुपये धरलं होतं. २०२१ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, की गृहिणी काम करत नाही किंवा घराच्या अर्थकारणात भर घालत नाही ही समजूतच चुकीची आहे. पण बाई गेल्यावर न्यायाधीशांनी तिचा हिशेब मांडण्यापेक्षा, ती असताना घरातच मांडला गेला तर?

पापडाचा हिशेब मांडला की काय होतं, याचं उदाहरण याच मुंबईत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच आजची ‘लिज्जत’. तिथली बहीण पीठ घरी नेते, पापड लाटून आणते, वजन होतं आणि लाटण्याची मजुरी तिच्या नावावर लिहिली जाते. ती नुसती मजूर नाही, संस्थेची भागीदारही असते. तिचा आणि माधवीचा पोळपाट सारखाच, लाटणं सारखंच. फरक आहे तो वहीचा. एकीचे पापड वहीत चढतात, दुसरीचे घरात विरघळतात.

आपण काय करायचं?

फार काही नाही. एक शंभर पानी वही घ्या. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला विक्री. आणि तिसरा रकाना वेळेचा, तो विसरू नका. तो लिहिला की भाव ठरवताना ‘जाऊ दे, ओळखीची आहे’ असं म्हणायची आपली सवय आपोआप कमी होते. धंद्याच्या पैशांसाठी स्वतःच्या नावाचं बँक खाते ठेवा. घरात लागतील तेवढे पैसे त्यातून जरूर द्या, पण खात्यातून द्या. म्हणजे नोंद राहते. वर्ष-दोन वर्षांची अशी नोंद असेल, तर कैरीच्या हंगामात साठ हजारांसाठी बांगड्या गहाण टाकाव्या लागणार नाहीत, गटातून किंवा बँकेतून कर्ज मागताना दाखवायला कागद असेल. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीही करून घ्या, घरगुती व्यवसायालाही ती लागते.

आणि एक शेवटचा प्रश्न, जो या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. पन्नास हजारांचं भाडं वाचवणारं ते गोरेगावचं घर कुणाच्या नावावर आहे? चार हजार भागांत गोकुळधाममध्ये काय काय झालं, पण हे काही माझ्या कानावर आलेलं नाही. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. सवलतीपुरतं का होईना, निदान काही घरांत हा विषय निघाला. घरखर्चातले शंभरातले पस्तीस रुपये जी आणते आणि घरकामाची रोजची पावणेपाच तासांची पाळी जी करते, तिचं नाव दारावरच्या पाटीवर हवं आणि आतल्या कागदावरही हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री मालिका बघताना माधवीच्या फोनवर ऑर्डर आली, की मनातल्या मनात किलोला पंचाहत्तर हा हिशेब करून बघा. आणि जाहिराती लागल्या की तीच आकडेमोड स्वतःच्या शेवयांची, शिलाईची, डब्यांची करा. आकडा किती का निघेना, पण तो नवऱ्याला आणि मुलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.